ईमची दफनवही आणि न मोजलेली माणसं

साडेतीनशे वस्तीचं गाव, २६० माणसं प्लेगने गेली, ८३ उरली. इंग्लंडमधल्या ईम गावाबद्दल काहीही वाचायला घ्या, १६६५-६६ च्या साथीचा हिशोब बहुधा याच तीन आकड्यांत सांगितलेला सापडतो. एकदा कागदावर मांडून पाहा. ३५० वजा २६० म्हणजे ९०. मग सात माणसं गेली कुठे?

सातांचा फरक तसा किरकोळ. पण त्याच्या मागे लागलं की कळतं, घोळ सातांचा नाहीच, निदान साडेतीनशेंचा आहे. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या पुरवणीचं काम अंगावर पडलं तेव्हापासून मला जुन्या नोंदवह्या वाचायचा नाद लागला. गावच्या नोंदींतून माणसं कशी शोधावीत आणि कशी हरवतात, हे शिकायला ईमइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर.

गाव आणि साथ

डर्बीशरमध्ये, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात हे गाव आहे. स्पेलिंग वाचून आपण ‘एयाम’ म्हणू, पण गावकरी ‘ईम’ म्हणतात. सतराव्या शतकात इथले लोक शेती करायचे, मेंढ्या पाळायचे आणि शिशाच्या खाणीत उतरायचे. ‘पॅरिश’ म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. ईमच्या पॅरिशमध्ये मुख्य गावाशिवाय फूलो आणि ईम वुडलँड्स हे भागही येत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१६६५ च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. मेरी हॅडफील्डच्या घरी राहणाऱ्या जॉर्ज विकर्स या शिंपीकाम करणाऱ्या माणसाने तो सोडला. कापड ओलसर होतं म्हणून शेकोटीसमोर वाळत टाकलं, असं सांगतात. ७ सप्टेंबरला विकर्सचं दफन झालं. हिवाळ्यात साथ मंदावली, लोकांना वाटलं टळलं. जून १६६६ मध्ये ती पुन्हा उसळली.

तेव्हा गावात दोन धर्मगुरू होते आणि त्यांचं एकमेकांशी पटायचं कारण नव्हतं. थॉमस स्टॅन्ली प्युरिटन मताचा, १६६२ च्या नव्या धर्मकायद्याखाली पदावरून काढलेला, पण लोकांच्या मनातला. विल्यम मॉम्पेसन हा १६६४ मध्ये आलेला तरुण रेक्टर, म्हणजे पॅरिशचा मुख्य धर्मगुरू, सरकारी मताचा. साथीत दोघांनी एकत्र येऊन तीन गोष्टी ठरवल्या. ज्याने त्याने आपले मृत आपल्याच परसात किंवा शेतात पुरायचे. प्रार्थना चर्चमध्ये न करता ककलेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर, अंतर ठेवून करायची. आणि गावची शीव कुणी ओलांडायची नाही. शिवेवरच्या दगडाला भोकं पाडून त्यांत व्हिनेगर भरलं, त्यात नाणी टाकायची. बाहेरचे लोक धान्य ठेवून पैसे उचलायचे. चॅट्सवर्थहून डेव्हनशरच्या अर्लने रसद पाठवली. शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ चा धरतात.

मराठी वाचकाला प्लेग आणि नाकेबंदी म्हटलं की १८९७ चं पुणं आठवतं: रँड, गोरे सोजीर, घरझडत्या. ईमचं नाव उलट कारणासाठी झालं, गावाने स्वतःच स्वतःला कोंडून घेतलं म्हणून. मात्र या निर्णयापर्यंत साथीला नऊ महिने होऊन गेले होते. ऐपतवाले त्याआधीच निघून गेले होते, आणि मॉम्पेसनने आपली दोन्ही मुलं बाहेर पाठवली होती. त्याची बायको कॅथरीन मात्र राहिली आणि ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. चर्चच्या आवारात तिचं थडगं आहे.

वही

इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायची, हा हुकूम १५३८ चा, आठव्या हेन्रीच्या मंत्र्याचा, थॉमस क्रॉमवेलचा. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या चोपड्या आपल्याला ठाऊक आहेत. पण तिथे माणूस यात्रेला गेला तर त्याचं नाव लागतं. इथे यात्रेला जायची गरज नाही, जन्मणं-मरणं पुरतं. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी तिकडे १ जुलै १८३७ पासूनची. त्याआधीचं सामान्य माणसाचं आयुष्य शोधायचं तर हीच वही.

ईमची हाती असलेली वही १६३० पासून सुरू होते. पण साथीच्या वर्षांची पानं वाचताना आपण साथीच्या वर्षांतलं हस्ताक्षर वाचत नसतो. ती वही पुढचा एक रेक्टर, जोसेफ हंट, याने १७०५ च्या सुमारास उतरवून काढलेली प्रत आहे. म्हणजे घटना आणि कागद यांच्यामध्ये चाळीस वर्षं आणि एक नक्कलकार. मोडी कागदावरून बाळबोधीत उतरवलेली वंशावळ ज्याने कधी मुळाशी ताडून पाहिली आहे, त्याला यात काय काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. ओळ गळते, ‘जॉनचा मुलगा जॉन’ एकदाच लिहिला जातो, आकड्याचं शेपूट तुटतं.

आणि मुळातली नोंद तरी कशी झाली असेल? जूननंतर दफनं, कॅथरीनसारखा अपवाद सोडला तर, चर्चच्या आवारात होत नव्हती. रेक्टर खड्ड्याशी उभा नव्हता. कुणीतरी येऊन, लांबूनच, ‘रायलीच्या शेतावर आणखी एक’ असं सांगायचं आणि ते वहीत चढायचं. त्या वहीत जेवढी नावं आहेत तेवढी आली, याचंच मला आश्चर्य वाटतं.

तारखांचीही एक मेख आहे. त्या काळी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. वहीत ‘फेब्रुवारी १६६५’ लिहिलेलं दफन विकर्सच्या आधीचं वाटतं, पण ते त्याच्यानंतर पाच महिन्यांनी झालेलं असतं. नवख्या माणसाचे साथीतले जानेवारी ते मार्चमधले मृत्यू एका झटक्यात मोजणीतून बाहेर जातात. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं, आणि माघ-फाल्गुनातली नोंद इसवी सनात नेताना आपण हीच कसरत करतो.

एक घर, तीन आडनावं

आता एक घर जवळून पाहू. दफनांच्या यादीत हे चौघे वेगवेगळ्या जागी सापडतात: जॉर्ज विकर्स, ७ सप्टेंबर १६६५. एडवर्ड कूपर, २२ सप्टेंबर. जोनाथन कूपर, २ ऑक्टोबर. आणि थेट दहा महिन्यांनी, ३ ऑगस्ट १६६६ ला, अलेक्झांडर हॅडफील्ड.

नुसती यादी वाचली तर तीन घरं दिसतात. विकर्सच्या घरातला एक, कूपरांचे दोन, हॅडफील्डांचा एक. साथ कशी पसरली याचा नकाशा काढणारा माणूस तीन ठिपके मांडेल आणि त्यांच्यामध्ये बाण काढत बसेल. प्रत्यक्षात ठिपका एकच आहे. चौघेही एका छपराखाली राहत होते. त्यांना जोडणारा धागा म्हणजे मेरी. ती आधी कूपरची बायको होती, चार वर्षांचा एडवर्ड आणि बारा वर्षांचा जोनाथन तिची त्या लग्नाची मुलं. मग तिने अलेक्झांडर हॅडफील्डशी लग्न केलं. विकर्स त्यांच्याकडे कामाला होता.

आणि मेरी त्या यादीत नाही, कारण ती मेली नाही.

मला हे प्रकरणाचं मर्म वाटतं. दफनवही मेलेल्यांना लिहिते. घर बांधून ठेवणारं माणूस जर वाचलं, तर वहीच्या दृष्टीने ते नसतंच आणि त्याच्याबरोबर घरही विस्कटतं. आमच्या कुलवृत्तांतात हाच खड्डा जागोजागी आहे. माहेरवाशिणीचं नाव लग्नात बदललं की ती पानावरून उठते, आणि दोन घराणी एकमेकांची कुणी लागत नाहीत असं दिसायला लागतं. तिकडे आडनाव बदलतं, आपल्याकडे तर कित्येकदा पाळण्यातलं नावसुद्धा.

मेरीला शोधायचं तर दफनाची यादी मिटून लग्नाची काढावी लागते, मग बाप्तिस्म्याची. कूपर मुलांच्या बाप्तिस्म्यात आईबाप कोण, त्यातला बाप कधी गेला, विधवेने पुन्हा कधी लग्न केलं, असं एकेक टाचण जोडत जायचं. तिकडचे अभ्यासक याला कुटुंबाची पुनर्रचना म्हणतात. एका कुटुंबाला एक कार्ड, आणि वहीतली प्रत्येक नोंद कुठल्या ना कुठल्या कार्डावर बसलीच पाहिजे. कंटाळवाणं काम आहे. एकाच पॅरिशला वर्षं लागतात. एका घरातलं मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत असल्याने डोकंही फिरतं.

छेदातला घोळ

मेलेल्यांच्या आकड्यावर फारसं भांडण नाही. मॉम्पेसनने २० नोव्हेंबर १६६६ च्या पत्रात लिहिलं की पॅरिशमधल्या ७६ कुटुंबांत साथ शिरली आणि त्यांतली २५९ माणसं गेली. चर्चमधल्या यादीत २७३ नावं आहेत. अलीकडच्या अभ्यासात २५७ धरतात. फरक पडणारच, कारण साथीच्या महिन्यांत म्हातारपणाने किंवा बाळंतपणात मरायचं कुणी थांबत नाही, आणि कोणता मृत्यू कशाचा हे ठरवणारा जो तो वेगळा. अंश २६० च्या आगेमागे आहे एवढं खरं.

प्रश्न छेदाचा आहे. २६० मेले, पण कितींपैकी?

साडेतीनशे हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १९८० च्या दशकात साथींच्या गणिताला एक नेटकं, बंदिस्त गाव हवं होतं. ईम त्यात चपखल बसलं आणि ३५० व ८३ हे आकडे गणिताच्या पुस्तकांत जाऊन बसले. साथ उसळली त्या जूनपासूनचा आलेख समीकरणाशी सुरेख जुळतो, म्हणून कुणाला आकड्याबद्दल शंका आली नाही. गणित चोख होतं, फक्त शिधा दुसऱ्याच घरचा होता.

मॉम्पेसनच्या पत्रातच त्याची तपासणी करता येते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये एका घरात सरासरी ४.७५ माणसं असत, हा इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी काढलेला आकडा बहुतेक जण वापरतात. ३५० माणसांची त्या हिशोबाने ७४ घरं होतात. आणि मॉम्पेसन सांगतो की साथ ७६ कुटुंबांत शिरली! म्हणजे ३५० खरं मानलं, तर पॅरिशमध्ये एकही घर सुटलं नाही, उलट होती त्याहून दोन जास्तच घरं बाधली. हे काही खरं नव्हे. घरं वाचली होती, हे पुढच्या वर्षांच्या नोंदींवरूनच दिसतं.

आता उलटं करू. ७६ गुणिले ४.७५ म्हणजे ३६१. साडेतीनशेच्या अगदी जवळ. माझा तर्क असा, की साडेतीनशे हा पॅरिशचा आकडा नसून बाधित घरांतल्या माणसांचा असावा, आणि सांगोवांगीत तो अख्ख्या गावाचा झाला. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण गाव की पॅरिश, बाधित घरं की सगळी घरं, ही गल्लत अशा कामात इतक्या वेळा भेटते की मी आता कुठलाही गोल आकडा दिसला की आधी विचारतो: हा कशाचा आकडा आहे?

खरा छेद काढायचा मार्ग म्हणजे जिवंत माणसं नावानिशी मोजणं. स्थानिक अभ्यासक जॉन क्लिफर्ड आणि फ्रान्सिन क्लिफर्ड यांनी १६३० ते १७०० ची ईमची वही संपादित केली, ती १९९३ साली छापून आली. १६६६ नंतर कुणाच्या नावे मूल आलं, कुणाचं लग्न झालं, कुणाला पुढे दहा-वीस वर्षांनी पुरलं, अशी प्रत्येक नंतरची नोंद म्हणजे साथीतून वाचलेलं एक माणूस. त्याला जोड म्हणून १६६२ मध्ये सुरू झालेल्या चूलपट्टीच्या याद्या असतात. घरात शेकोट्या किती त्यावर हा कर बसायचा, त्यामुळे घरमालकांची नावं मिळतात. मृत्युपत्रांतूनही भाऊ-पुतणे निघतात. अशा मोजणीतून वाचलेल्यांचा आकडा ४३० च्या घरात आणि साथीपूर्वीची वस्ती ७०० ते ८०० अशी निघाली.

पाऊणशे टक्के गाव संपलं, असं म्हणायचो तिथे आता एक तृतीयांशाहून थोडं जास्त म्हणावं लागतं. हेही भयंकरच. पण गोष्ट पार वेगळी होते. ज्या गावातली दोन-तृतीयांश माणसं वाचली, त्याला पुढे नांगर धरायला, खाणीत उतरायला आणि घडलेलं सांगायला हात होते.

पिसवा कराचीहून

२०१६ मध्ये लिलिथ व्हिटल्स आणि झेवियर दिदेलो यांनी वहीतून निघालेली ही नवी, घरवार माहिती घेऊन ईमचं गणित पुन्हा मांडलं. त्यांच्या हिशोबाने पाव भाग लागण उंदीर-पिसवांकडून झाली आणि पाऊण भाग माणसाकडून माणसाला. कोण कुणाच्या घरात राहत होतं हे कळल्याशिवाय असं विधान करताच येत नाही. मेरीचा धागा सापडला नसता तर तिचं घर तीन घरं म्हणून मोजलं गेलं असतं.

पिसवांवरून एक सांगतो. शेकोटीसमोर वाळत टाकलेल्या कापडातून पिसवा निघाल्या, हे आज शाळकरी पोरही सांगतं. पण हा तपशील १६६५ चा असूच शकत नाही. उंदराच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, दाखवलं. लोकांना ते पटायला वेळ लागला आणि परळच्या प्रयोगशाळेतल्या कामाने पुढच्या दशकात त्यावर शिक्कामोर्तब झालं. कापडाची गोष्ट जुनी होती, तिच्यातल्या पिसवा आपल्याकडच्या साथीने पुरवल्या. गावच्या इतिहासात असे थर बसतात. विल्यम वुड नावाच्या गावकऱ्याने १८४२ मध्ये ईमचा इतिहास छापला, त्यात लोकांच्या तोंडच्या कहाण्या आल्या. घळीच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांना पाहणारे एमट सिडल आणि शेजारगावचा रोलंड यांची कहाणीही लोक सांगतात. एमट एप्रिल १६६६ मध्ये गेली हे वहीत आहे. रोलंड रोज येऊन उभा राहायचा हे वहीत नाही. पहिलं लिहावं, दुसरं ‘असं सांगतात’ म्हणून लिहावं. गाळू मात्र नये, कारण लोकांनी दोनशे वर्षं काय जपलं हाही गावचाच इतिहास.

रायलीच्या शेतावरच्या एलिझाबेथ हॅन्कॉकची गोष्ट मात्र कहाणी म्हणून सोडून देता येत नाही. ३ ते १० ऑगस्ट १६६६, आठ दिवसांत तिने नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. दगड आजही आहेत, त्यांच्याभोवती गडगा घातलेला आहे. गावापासून अर्ध्या मैलावरचं हे एकटं घर, आणि इथेही तेच: सात नावं वहीत, आठवी बाई नाही.

वाचलेल्यांचं रक्त

पुनर्रचनेचा आणखी एक उपयोग झाला, तोही अनपेक्षित. अमेरिकन आनुवंशिकशास्त्रज्ञ स्टीफन ओब्रायन यांना शंका होती की सीसीआर-५ या जनुकातला एक बदल प्लेगपासून वाचवत असावा. तपासायला प्लेगमधून वाचलेल्यांचे वंशज हवे होते, आणि ते कागदावर दाखवता येतील असं गाव ईम. वंशावळी लावून आजच्या रहिवाशांचे नमुने घेतले गेले. पुढे तो बदल प्लेगच्या कितीतरी आधीपासून युरोपात होता असं जुन्या हाडांवरून दिसलं, उंदरांवरच्या प्रयोगातही संरक्षण आढळलं नाही, आणि कल्पना मागे पडली. वंशावळी मात्र राहिल्या. शास्त्राचं काही का होईना, गावातल्या काही घरांना आपण वाचलेल्यांपैकी कुणाचे, हे नावानिशी कळलं.

ईममध्ये आता त्या घरांवर हिरव्या पाट्या आहेत. मेरीच्या घराशेजारच्या रोझ कॉटेजवर थॉर्प कुटुंबातल्या नऊ जणांचा उल्लेख आहे. मेरीच्या घरावरच्या पाटीवर विकर्स, एडवर्ड, जोनाथन आणि अलेक्झांडर, प्रत्येकाच्या नावापुढे तारीख. मग शेवटची ओळ: मेरी तेवढी वाचली, पण तिची तेरा नातलगं गेली. तिच्यापुढे तारीख नाही.